ज्यांना परत पाठवलं नाही

फेल्डकिर्ख हे ऑस्ट्रियाच्या पश्चिम टोकाचं गाव. इल नदी डोंगर कापून ऱ्हाइनच्या सखल खोऱ्यात उतरते, त्या चिंचोळ्या वाटेच्या तोंडाशी ते वसलं आहे. वर शाटनबुर्गचा किल्ला, खाली कमानींच्या ओळींतला जुना बाजार. स्वित्झर्लंड आणि लिश्टनस्टाइन हे दोन्ही देश इथून हाकेच्या अंतरावर. सीमेवरचं गाव असल्यामुळे विसाव्या शतकात युरोपातून निसटू पाहणाऱ्या कितीतरी माणसांचा रस्ता याच गावातून गेला. १९१५ साली त्रिएस्तेहून झुरिककडे निघालेला जेम्स जॉइस इथल्या स्टेशनात अटक होता होता वाचला. आपल्या ‘युलिसिस’चं भवितव्य याच रुळांवर ठरलं, असं तो पुढे म्हणत असे. १९१९च्या मार्चमध्ये ऑस्ट्रियाचा शेवटचा सम्राट कार्ल याच स्टेशनातून देशाबाहेर गेला. स्वित्झर्लंडहून मायदेशी परतणाऱ्या स्टेफान झ्वाइगने ती गाडी पाहिली आणि आत्मचरित्रात त्या क्षणाविषयी लिहिलं. १९३८मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला, तेव्हा पळून जाणाऱ्या ज्यूंना आणि नाझींच्या विरोधकांना इथेच गाडीतून उतरवून त्यांची झडती घेतली जाई.

१९४५च्या मे महिन्याच्या सुरुवातीला या गावापाशी आलेली माणसं मात्र वेगळी होती. ते रशियन सैनिक होते, अंगावर जर्मन सैन्याचा गणवेश होता, आणि त्यांना घरी जायचं नव्हतं. त्यांच्या स्मरणार्थ सीमेपलीकडच्या टेकडीवर एक स्मारक आहे. ते पाहायला मी निघालो तो त्यांच्याच दिशेने, फेल्डकिर्खकडून, कारण हे स्मारक समजायचं तर आधी त्याच्या मागे काय होतं ते समजायला हवं.

फेल्डकिर्खचा पसारा ओसरतो तसं इलच्या काठाने नोफेल्स लागतं. पूर्वीचं स्वतंत्र खेडं, आता शहराचाच भाग. नीटनेटकी घरं, सफरचंदाची आणि नासपतीची झाडं, कुरणं, आणि पुढे झाडांनी भरलेली एक लांबट टेकडी. हा एशनरबर्ग. ऱ्हाइनच्या सपाट खोऱ्यात एखाद्या बेटासारखा तो उभा आहे, आणि हजारो वर्षं तो खरोखरच बेट होता. खालचं खोरं पुराचं आणि दलदलीचं, म्हणून अश्मयुगापासून माणसांनी घरं बांधली ती या उंचवट्यावर. टेकडीवर त्या वस्त्यांचे अवशेष सापडले आहेत आणि त्यांच्या जागा जोडणारी एक पायवाटही आखलेली आहे. पुरापासून वाचण्यासाठी वर चढायचं, ही या टेकडीची फार जुनी रीत.

एप्रिल १९४५च्या अखेरीस जर्मनी कोसळत होता. पूर्वेकडून सोव्हिएत फौजा आणि पश्चिमेकडून अमेरिकन व फ्रेंच फौजा येत होत्या. या दोन जात्यांच्या मधल्या शिल्लक पट्ट्यातून एक तुकडी दक्षिण जर्मनी ओलांडत पश्चिमेला सरकत होती. तिचं नाव मोठं होतं: पहिली रशियन राष्ट्रीय सेना. प्रत्यक्षात वाटेत गळती लागून तिच्यात सुमारे पाचशे माणसं उरली होती. प्रमुख होते जनरल बोरिस स्मिस्लोव्स्की. त्यांचा जन्म १८९७ साली सेंट पीटर्सबर्गजवळच्या तेरियोकी इथला. झारच्या सैन्यात अधिकारी, मग यादवी युद्धात बोल्शेव्हिकांविरुद्ध लढलेले, नंतर परागंदा. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी आर्थर होल्मस्टन हे नाव घेतलं आणि जर्मन लष्करासाठी सोव्हिएत भागातल्या गनिमांविरुद्ध हेरगिरीचं काम उभारलं. त्यांच्या हाताखाली दोन तऱ्हेची माणसं होती. काही त्यांच्यासारखीच जुनी परागंदा. बाकीची सोव्हिएत नागरिक, त्यांतले बरेच युद्धकैदी.

या दुसऱ्या गटाविषयी थोडं सांगायला हवं. जर्मनांनी पकडलेल्या सोव्हिएत सैनिकांपैकी तीस लाखांहून अधिक लोक कैदेतच उपासमार, थंडी, रोगराई आणि गोळीबार यांना बळी पडले. त्या छावण्यांमधून बाहेर पडण्याचा एक मार्ग म्हणजे जर्मन गणवेश अंगावर चढवणं. काहींनी तो स्टालिनच्या द्वेषापोटी चढवला, काहींनी भाकरीसाठी, काहींनी दोन्हींसाठी. पण गणवेश तो गणवेश. तो ज्या राजवटीचा होता तिने त्यांच्याच देशात केलेला संहार इतिहासात नोंदलेला आहे. म्हणून या सैनिकांना निव्वळ बळी म्हणता येत नाही, आणि सगळ्यांना एकाच मापाने गुन्हेगारही ठरवता येत नाही. टेकडी चढताना ही गाठ मनातून सुटत नव्हती.

त्यांना घरी जायचं नव्हतं, कारण घरी काय वाट पाहत होतं हे त्यांना ठाऊक होतं. शरण जाणं हाच स्टालिनच्या लेखी देशद्रोह होता, मग शत्रूचा गणवेश घालणाऱ्यांविषयी बोलायलाच नको. फेब्रुवारी १९४५मध्ये याल्टा इथे ब्रिटन आणि अमेरिकेने सोव्हिएत संघाशी करार केला की ताब्यात आलेले एकमेकांचे नागरिक परत करायचे. त्या माणसाला जायचं आहे की नाही, हा प्रश्न त्या करारात बसत नव्हता. म्हणजे ब्रिटिश, अमेरिकन वा फ्रेंच, कोणाच्याही हाती सापडलं तरी शेवटचं ठिकाण एकच. ३ मे रोजी फ्रेंच सैन्य फेल्डकिर्खमध्ये शिरलं. त्याच्या आदल्या रात्री स्मिस्लोव्स्कींनी आपली माणसं या टेकडीकडे वळवली.

आज सीमा कुठे संपते हे पायांना कळत नाही. चढ सुरू असतानाच एक पाटी येते आणि माणूस दुसऱ्या देशात असतो. २०११पासून लिश्टनस्टाइन शेंगेन व्यवस्थेत आहे, त्यामुळे कोणी पारपत्र मागत नाही. त्या रात्री मात्र इथे पहारा होता, आणि तो पहारा स्विस होता. १९२३मध्ये लिश्टनस्टाइनने स्वित्झर्लंडशी जकातीचा करार केला, पुढच्या वर्षी स्विस फ्रँक हे चलन म्हणून स्वीकारलं, आणि ऑस्ट्रियाच्या बाजूची सीमा राखायला स्विस सीमारक्षक आले. स्वतःचं सैन्य तर या देशाने १८६८ सालीच मोडीत काढलं होतं. १८६६च्या युद्धात त्याने पाठवलेली ८० जणांची तुकडी एकही माणूस न गमावता परतली. परतताना वाटेत एक मित्र जोडला गेला आणि ८१ जण घरी आले, अशी कथा इथे आवडीने सांगतात. दोनच वर्षांनी, सैन्याचा खर्च परवडत नाही म्हणून, ते कायमचं बंद झालं. जवळपास ऐंशी वर्षं बिनसैन्याच्या राहिलेल्या देशाच्या दारात १९४५मध्ये एक सशस्त्र तुकडी येऊन उभी राहिली.

चढ संपतो तिथे हिंटरशेलेनबर्गची वस्ती लागते. मोजकी घरं, कुरणांचे उतार, पलीकडे ऑस्ट्रियाचे डोंगर. इथेच ते स्मारक आहे. युद्धस्मारक म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर संगिनी, ध्वज, पराक्रमाची शब्दयोजना येते. इथे तसलं काही नाही. एक साधं दगडी स्मारक, त्यावरचा मजकूर, बाजूला गवत. १९४५च्या मे महिन्यात रशियन राष्ट्रीय सेनेचे उरलेले लोक इथून आत आले आणि त्यांना या देशात आश्रय मिळाला, एवढंच ते सांगतं. १९८० साली ते उभारलं गेलं. सर्वांत आश्चर्य वाटलं ते या नोंदीतल्या क्रियापदाचं. लढले, पडले, जिंकले यांपैकी काहीच नाही. आश्रय मिळाला. सैनिकांच्या नावाने उभं असलेलं हे स्मारक खरं तर त्यांना घरात घेणाऱ्यांच्या कृतीचं आहे.

२ आणि ३ मे दरम्यानच्या त्या रात्री ४९४ जण सीमा ओलांडून आले. ४६२ पुरुष, ३० स्त्रिया आणि २ मुलं. सामानाच्या गाड्या आणि मोटारी त्यांच्याबरोबर होत्या. सैनिकांनी शस्त्रं खाली ठेवली. त्यांच्या सोबत आणखी एक पाहुणा होता: ग्रँड ड्यूक व्लादिमीर किरिलोविच, रशियाच्या पदच्युत राजघराण्याचा वारस. त्याला मात्र लिश्टनस्टाइनने ठेवून घेतलं नाही. झारच्या गादीवर हक्क सांगणारा माणूस घरात ठेवणं म्हणजे मॉस्कोला उघड डिवचणं. त्याला परत ऑस्ट्रियात जावं लागलं. साध्या शिपायाला जागा मिळाली आणि राजपुत्राला मिळाली नाही, हे या रात्रीचं वेगळेपण आहे. सरकारच्या मनात भीती नव्हती असं कोणी म्हणू नये. भीती होती, हिशेब होता, आणि तरीही दार उघडं राहिलं.

हिंटरशेलेनबर्गहून शेलेनबर्ग गावाकडे जाणारा रस्ता टेकडीच्या माथ्याने जातो. वाटेत झाडीत दोन किल्ल्यांचे भग्नावशेष आहेत, वरचा किल्ला आणि खालचा किल्ला. याच शेलेनबर्गच्या जहागिरीपासून हा देश सुरू झाला. व्हिएन्नाजवळ आणि मोराव्हियात अफाट जमिनी असलेल्या लिश्टनस्टाइन घराण्याला पवित्र रोमन साम्राज्याच्या सभेत आसन हवं होतं आणि त्यासाठी थेट सम्राटाच्या अखत्यारीतली जमीन लागत होती. म्हणून योहान आदाम आंद्रेयास या राजपुत्राने १६९९मध्ये शेलेनबर्गची आणि १७१२मध्ये फाडुट्सची जहागीर विकत घेतली. १७१९मध्ये सम्राटाने दोन्ही एकत्र करून त्यांना घराण्याचं नाव दिलं. देशाला घराण्याचं नाव मिळालं, पण घराणं पुढची दोन शतकं इथे राहायलाही आलं नाही. १९३८मध्ये गादीवर आलेले फ्रान्झ योझेफ दुसरे हे फाडुट्सच्या किल्ल्यात कायम मुक्काम करणारे पहिले राजे.

आजचा लिश्टनस्टाइन श्रीमंत आहे. १६० चौरस किलोमीटर क्षेत्रफळ, म्हणजे मुंबईच्या साधारण पाव भागाइतकं, आणि लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास. पण इथे नोकऱ्या इतक्या आहेत की निम्म्याहून अधिक कामगार रोज सकाळी शेजारच्या देशांमधून येतात. बांधकामाची अवजारं बनवणारी हिल्टी आणि दातांचं साहित्य बनवणारी इव्होक्लार या इथल्याच कंपन्या. ही श्रीमंती १९४५च्या प्रसंगावर लादून पाहिली तर सगळंच चुकेल. त्या वेळचं जगणं कसं होतं ते शेलेनबर्गमधल्या बीडरमान घरात दिसतं. १५१८ सालचं हे लाकडी घर आता राष्ट्रीय संग्रहालयाच्या ताब्यात आहे. बुटक्या खोल्या, काजळी धरलेलं स्वयंपाकघर, छोट्या खिडक्या. गाय, कुरण, फळझाडं, थोडी द्राक्षं आणि मका यांवर इथलं कुटुंब चाले. मक्याच्या जाडसर रव्याचं रीबेल हे या खोऱ्यातल्या गरिबाचं रोजचं अन्न. रवा दुधा-पाण्यात शिजवून, मग तव्यावर परतून मोकळा करायचा आणि कॉफीत घालून किंवा सफरचंदाच्या मुरंब्याबरोबर खायचा. आता तेच रीबेल उपाहारगृहांत कौतुकाने वाढलं जातं.

१९४५मध्ये सबंध देशात बारा-तेरा हजार माणसं होती. म्हणजे दर पंचवीस-सव्वीस रहिवाशांमागे एक रशियन आला. आणि ते एकटे नव्हते. एप्रिलच्या शेवटच्या दिवसांत शानवाल्ड इथल्या नाक्यावर जर्मनीतून निसटलेले वेठबिगार, युद्धकैदी, निर्वासित यांची हजारोंची रीघ लागली होती. त्यांच्या मदतीसाठी ३० एप्रिल १९४५ रोजी राणी गीना यांच्या पुढाकाराने लिश्टनस्टाइनचा रेडक्रॉस स्थापन झाला, रशियन सैनिक येण्याच्या दोनच दिवस आधी. नाक्यावरच्या रिघेतले बहुतेक लोक पुढे स्वित्झर्लंडमार्गे आपापल्या देशी गेले. रशियन सैनिकांना मात्र जायला पुढचा देश नव्हता.

शेलेनबर्गहून उतार थेट रुगेलकडे जातो. रुगेल हे देशाचं सर्वांत सखल गाव, समुद्रसपाटीपासून सुमारे ४३० मीटर. गावाच्या उत्तरेला रुगेलर रीट हा दलदलीचा राखीव भाग आहे. मे महिन्याच्या अखेरीला इथे जांभळ्या-निळ्या रानआयरिसच्या फुलांनी मैलभर जमीन झाकून जाते. पूर्वी हे सारं खोरं असंच ओलं होतं. ऱ्हाइनला बांध घातले गेले, पण २५ सप्टेंबर १९२७ रोजी शानच्या रेल्वे पुलाजवळ बांध फुटला आणि तिथून रुगेलपर्यंत सगळं पाण्याखाली गेलं. त्यानंतर अठरा वर्षांनी या रशियन पाहुण्यांची छावणी याच गावात पडली. पुरात सर्वस्व गेलेल्यांच्या आठवणी तेव्हा ताज्या होत्या. अशा गावांना निराधार होणं म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही, असं मला बांधावरून चालताना वाटत राहिलं.

छावणी म्हटलं की काटेरी तारा डोळ्यांपुढे येतात, पण इथली व्यवस्था आंतरराष्ट्रीय कायद्याच्या चौकटीतली होती. १९०७च्या हेग करारानुसार तटस्थ देशात युद्धमान सैन्य शिरलं तर त्या देशाने त्याला निःशस्त्र करायचं, युद्धभूमीपासून दूर ठेवायचं, अन्नवस्त्र पुरवायचं. झालेला खर्च शांतता झाल्यावर त्या सैन्याच्या देशाने भरून द्यायचा. त्याप्रमाणे सैनिकांना स्थानबद्ध करून ठेवलं गेलं. हळूहळू ते आजूबाजूच्या शेतांवर आणि गावातल्या कामांवर जाऊ लागले. पुढे पश्चिम जर्मनीने या मुक्कामाचा खर्च फेडला. पण १९४५मध्ये जर्मनी नावाचं राज्यच शिल्लक नव्हतं. कोणी पैसे परत करील याची शाश्वती नसताना या छोट्या देशाने शेकडो माणसांना महिनोन्महिने पोसलं.

रुगेलहून ऱ्हाइनच्या बाजूने दक्षिणेला येताना बेंडर्नची टेकडी दिसते. तिच्यावर चर्च आहे. १६ मार्च १६९९ रोजी खालच्या मुलखातल्या, म्हणजे शेलेनबर्गच्या जहागिरीतल्या, पुरुषांनी इथेच नव्या मालकाप्रती, लिश्टनस्टाइनच्या राजपुत्राप्रती, निष्ठेची शपथ घेतली. आता याच टेकडीवर लिश्टनस्टाइन इन्स्टिट्यूट ही संशोधन संस्था आहे. शपथेच्या जागी आज देशाचा इतिहास तपासला जातो, आणि या इतिहासाची दुसरी बाजू सांगायला हीच जागा योग्य आहे.

ज्या सीमेवरून ४९४ रशियन आत आले, त्याच सीमेवरून त्याआधी अनेकांना परत पाठवलं गेलं होतं. नाझी राजवटीच्या काळात या देशाने काही शे निर्वासितांना, बहुतांशी ज्यूंना, आश्रय दिला. काही श्रीमंत ज्यूंनी पैसे भरून नागरिकत्व मिळवलं आणि त्यामुळे त्यांचे प्राण वाचले. पण १९३८नंतर दार आक्रसत गेलं, स्विस धोरणाशी जुळवून घेत नाक्यावर आलेल्या माणसांना मागे फिरवलं गेलं. देशातही नाझींचे समर्थक होते. २४ मार्च १९३९ रोजी त्यांनी सत्ता उलथण्याचा प्रयत्नही केला, तो फसला. २००१ साली सरकारने इतिहासकारांचा एक स्वतंत्र आयोग नेमला. पेटर गायगर हे त्याचे अध्यक्ष. २००५मध्ये त्याचा अहवाल आला. निर्वासितांना परत पाठवल्याची नोंद त्यात आहे. ऑस्ट्रियातल्या राजघराण्याच्या जमिनींवर श्ट्रासहोफच्या छावणीतल्या ज्यू वेठबिगारांना राबवलं गेलं, हेही त्यात आहे. स्वतःच्या राजाच्या घराण्याविषयी असं लिहून घेणं आणि ते प्रसिद्ध करणं सोपं नसतं. ते केलं म्हणून या देशाच्या स्मारकावर मला अधिक विश्वास ठेवता आला. आणि ते वाचल्यावर हिंटरशेलेनबर्गचा दगड अधिक जडही वाटू लागला. निरपराध कुटुंबाला न मिळालेली जागा जर्मन गणवेशातल्या सैनिकाला मिळाली, हे सत्य त्या दगडासोबत उचलावंच लागतं.

तरी १९४५च्या निर्णयाचं मोल कमी होत नाही, आणि ते कशात आहे हे फाडुट्समध्ये कळतं. राजधानीचं हे गाव एका कड्याच्या पायथ्याशी आहे. वर राजाचा किल्ला, खाली संग्रहालयं, बँका आणि विटांच्या उंच छपराचं नवं संसदगृह. १९४५च्या ऑगस्टमध्ये इथे सोव्हिएत अधिकाऱ्यांचं पथक आलं. रुगेलच्या छावणीतल्या माणसांना भेटायचं, त्यांना घरी परतायला राजी करायचं, आणि जनरल व त्यांच्या अधिकाऱ्यांना युद्धगुन्हेगार म्हणून मागायचं, हे त्यांचं काम. नुकताच अर्धा युरोप जिंकलेलं साम्राज्य एका बाजूला, मोजके पोलीस असलेला देश दुसऱ्या बाजूला. लाल सेनेच्या फौजा ऑस्ट्रियातच होत्या.

सरकारने पथकाला माणसांशी बोलू दिलं. सुमारे दोनशे जणांनी परतायचं ठरवलं. आईबाप, बायका-मुलं, घरची माती यांची ओढ, शिवाय माफीची आश्वासनं. त्यांना जाऊ दिलं गेलं. सोव्हिएत संघात परतलेल्या अशा सैनिकांच्या वाट्याला चौकशीच्या छावण्या आणि सक्तमजुरी आली, हा इतिहास आज सर्वज्ञात आहे. उरलेल्यांविषयी मात्र सरकारची भूमिका हलली नाही: ज्याला जायचं आहे त्याने जावं, ज्याला जायचं नाही त्याला आम्ही पाठवणार नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अलेक्झांडर फ्रिक पंतप्रधान झाले. त्यांनी आणि राजाने हीच भूमिका पुढे चालवली, आणि लोकमत त्यांच्या पाठीशी उभं राहिलं.

याची उंची मोजायची तर त्याच महिन्यांत इतरांनी काय केलं ते पाहावं. पूर्व टायरॉलमध्ये लीन्झजवळ ड्राऊ नदीच्या खोऱ्यात हजारो कोसॅक कुटुंबं ब्रिटिश सैन्याला शरण आली होती. मेअखेर आणि १ जून १९४५ रोजी त्यांना बळाने गाड्यांत भरून सोव्हिएत सैन्याकडे सोपवण्यात आलं. काहींनी स्वतःला नदीत झोकून दिलं. त्यांचे म्हातारे सेनापती प्योत्र क्रास्नोव्ह तर सोव्हिएत नागरिक कधीच नव्हते, तरी त्यांनाही सोपवलं गेलं आणि जानेवारी १९४७मध्ये मॉस्कोत फासावर चढवलं गेलं. जर्मनांच्या बाजूने रशियन सेना उभारणारे जनरल व्लासोव्ह यांना १९४६च्या ऑगस्टमध्ये फाशी झाली. तटस्थ स्वीडननेही जानेवारी १९४६मध्ये बाल्टिक देशांतले १४६ सैनिक सोव्हिएत संघाच्या हवाली केले. या सगळ्यांकडे सैन्य होतं, आरमार होतं, जगात वजन होतं. लिश्टनस्टाइनकडे यांपैकी काहीच नव्हतं.

मग त्याला हे जमलं कसं? थोडं भूगोलाने. सोव्हिएत फौजा ऑस्ट्रियाच्या पूर्वेला होत्या, पश्चिमेला फ्रेंच होते आणि मधे डोंगर. थोडं राजकारणाने. स्वित्झर्लंडला तेव्हा मॉस्कोशी तुटलेले संबंध जुळवायचे होते, त्यामुळे तो देश दबावाला अधिक संवेदनशील होता. चिमुकल्या लिश्टनस्टाइनकडून मात्र मॉस्कोला मिळवण्याजोगं फारसं काही नव्हतं. पण या गोष्टी निर्णयाला वाव देतात, निर्णय घेत नाहीत. तो घेतला शेतकऱ्यांच्या एका लहान देशातल्या सरकारने, आणि एका साध्या तत्त्वावर: आपल्या छपराखाली आलेला माणूस त्याच्या इच्छेविरुद्ध त्याच्या मारेकऱ्याच्या हाती द्यायचा नाही. १९५१च्या निर्वासितविषयक जिनिव्हा करारात, छळाचा धोका असलेल्या ठिकाणी कोणालाही परत पाठवू नये, हे कलम आलं. लिश्टनस्टाइनने ते करारापूर्वी सहा वर्षं आचरणात आणलं.

१९४७मध्ये अर्जेंटिनाने दार उघडलं आणि स्मिस्लोव्स्की सुमारे शंभर माणसांसह तिकडे गेले. १९६६ साली ते लिश्टनस्टाइनला परतले, कायमचे. दोन महायुद्धं पाहिलेला हा सेनापती १९८८मध्ये फाडुट्समध्ये वारला, तेव्हा तो नव्वद वर्षांचा होता. १९९३मध्ये या प्रसंगावर रोबेर आंरिको या फ्रेंच दिग्दर्शकाने ‘पूर्वेचा वारा’ या अर्थाच्या नावाचा चित्रपट काढला. माल्कम मॅकडॉवेल यांनी त्यात जनरलची भूमिका केली. त्याच वर्षी अलेक्सांद्र सोल्झेनित्सिन लिश्टनस्टाइनमध्ये आले. स्टालिनच्या छावण्यांत स्वतः आठ वर्षं काढलेल्या या लेखकाने आपल्या भाषणात १९४५च्या त्या निर्णयाची आठवण काढली.

फाडुट्सच्या रस्त्यावर पर्यटकांची गर्दी असते. ती टपाल तिकिटं घेते, किल्ल्याचे फोटो काढते आणि पुढे जाते. हिंटरशेलेनबर्गकडे फारसं कोणी वळत नाही. वळावं असं मला वाटतं, आणि कोणाला वीर ठरवण्यासाठी तर मुळीच नाही. त्या सैनिकांचा न्याय त्या दगडाने केलेला नाही, आणि करायला नकोही. आश्रय हे चारित्र्याचं प्रमाणपत्र नसतं. आपल्याला आवडणाऱ्या, निर्दोष, केविलवाण्या माणसालाच तो मिळणार असेल तर तो उपकार ठरतो, हक्क ठरत नाही. ज्याच्याविषयी मनात शंका आहे त्यालाही मृत्यूकडे परत ढकलायचं नाही, हे ज्या दिवशी ठरतं त्या दिवशी आश्रयाला अर्थ येतो. म्हणूनच १९३८नंतर याच सीमेवरून मागे फिरवलेल्या ज्यू कुटुंबांची नोंदही त्या दगडाच्या शेजारी, तितक्याच साध्या शब्दांत, असायला हवी. दोन्ही नोंदी एकत्र वाचल्या तरच कळेल की तोच नाका, तेच लोक, आणि तरी एकदा दार लागलं आणि एकदा उघडलं. दार उघडणं स्वभावातून आपोआप येत नाही, दर वेळी ठरवावं लागतं.

आज हा डोंगर कोणीही ओलांडतो. युरोपच्या बाहेरच्या कडांवर मात्र माणसं अडकून आहेत, आणि मोठमोठी सरकारं सांगतात की आता आम्हाला झेपत नाही. झेपण्याचा हिशेब मांडताना त्यांनी शेलेनबर्गचे आकडे जवळ ठेवावेत: बारा-तेरा हजार रहिवासी, पाचशे पाहुणे, जवळपास अडीच वर्षांचा सांभाळ, एकही सैनिक पदरी नसलेलं सरकार, आणि स्टालिनला दिलेला नकार.